टोकावडे म्हणता येईपर्यंत

वयाच्या सहाव्या महिन्यात माणसाचं पोर कुठल्याही मुलखाचं असू शकतं. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली हे प्रयोग करून दाखवलं. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. समोरच्या स्पीकरमधून 'त, त, त' असा आवाज चाललेला. मध्येच त्याचा 'ट' होतो. बाळाच्या कानाला तो बदल कळला आणि त्यानं मान वळवली, की बाजूच्या पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळणं हलू लागतं. घरात इंग्रजीशिवाय काहीही न ऐकलेली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा बदल बरोबर पकडत होती. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र तो फारसा कळत नव्हता. इंग्रजीत जीभ दातांनाही लागत नाही आणि मागे टाळूकडेही वळत नाही, मधल्या हिरडीवर टेकते. त्यामुळे आपला 'त' आणि आपला 'ट' त्यांच्या कानात एकाच खणात जाऊन पडतात. आणि तीच बाळं दहा-बारा महिन्यांची झाली, की त्यांचंही तसंच होऊ लागतं. चालायला शिकण्याच्या आत कान आपलं गाव ठरवून मोकळा होतो.

आता कल्याणला उतरा आणि माळशेजची एसटी पकडा. मुरबाड मागे पडलं की टोकावडे लागतं. उत्तरेला शहापूर तालुक्यात शिरलात तर डोळखांब. टोकावडे, डोळखांब, माळशेज! ट, ड आणि ळ यांची नुसती पेरणी झालेला हा मुलूख. परदेशात जन्मून नवव्या वर्षी आईबापांबरोबर इथे राहायला आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात आपल्याच गावाचं नाव सांगताना अडखळतो. चुलतभाऊ हसतात. तो गप्प होतो. आणि आईबापांना वाटतं, आपलं काहीतरी फार मोठं चुकलं.

बारा-पंधरा वर्षं बाहेर काढून शहापूर-मुरबाडकडच्या गावी परतलेल्या घरांत नेमकं काय घडतं, हे मला सांगायचं आहे. जाताना सगळे तयारीत असतात. परक्या देशात अवघड जाणारच, हे घरातल्या प्रत्येकानं मनाशी धरलेलं असतं. परत येताना कुणीच तयारीत नसतं, कारण घरी यायला कसली तयारी? माझं म्हणणं असं, की घरी येणं एका दिवसात होत नाही, कारण माणूस अख्खा एकदम येत नाही. सामान आधी येतं. मग जीभ, कातडी, पोट, कान आणि ओळखीपाळखी आपापल्या वेळेनं येत राहतात. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे, आणि त्यातली काही वेळापत्रकं आता विज्ञानाला बऱ्यापैकी माहीत झाली आहेत.

कानापासूनच सुरुवात करू. बाळपणी ऐकलेले आवाज पुढे बंद पडले तर ते पुसले जातात की दबून राहतात? २०१४ साली माँट्रियलच्या संशोधकांनी काही मुली तपासल्या. जन्म चीनमधला, साधारण वर्षाच्या असताना फ्रेंच बोलणाऱ्या घरात दत्तक गेलेल्या. आता वयं नऊ ते सतरा. चिनी भाषेचा एक शब्द कळत नाही, आठवत नाही. त्यांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि चिनी बोलण्यातले सुरांचे चढउतार ऐकवले. जन्मापासून फक्त फ्रेंच ऐकलेल्या मुलींच्या मेंदूनं ते नुसते आवाज म्हणून घेतले. या दत्तक मुलींच्या मेंदूत मात्र भाषेची डावी बाजू जागी झाली, अगदी चिनी बोलणाऱ्या मुलींच्या मेंदूत होते तशी. स्वतः त्या मुलींना याचा पत्ताही नव्हता. पुढे २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये कोरियातून दत्तक गेलेल्या, आता तिशीत पोचलेल्या माणसांना कोरियन व्यंजनं शिकवून पाहिली. इतर डच लोकांपेक्षा ती त्यांच्या तोंडी लवकर बसली. त्यातले काहीजण तर सहा महिन्यांचेही नसताना देश सोडून गेलेले होते, म्हणजे स्वतः बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी.

हे वाचलं तेव्हा मला परतलेल्या घरांतली आजी आठवली. नातू न्यू जर्सीत जन्मला तेव्हा सहा महिने तिकडे जाऊन त्याला तेल लावणारी, न्हाऊ घालणारी, 'अगं बाई, हा बघ कसा बघतोय' म्हणत अखंड बोलणारी. पुढे पोर पाळणाघरात गेलं, शाळेत गेलं, आईनं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देऊ लागलं, आणि सगळ्यांनी मानलं की मराठी गेली. ती गेलेली नसते. त्या बोलण्यानं कानात आखलेल्या रेषा तिथेच असतात. नऊ वर्षांच्या मुलाला 'टोकावडे' जमायला काही महिने लागतील, पण ज्यानं हा 'ट' कधीच ऐकला नाही त्याच्यापेक्षा तो खूप पुढून सुरुवात करतो.

मात्र इथेच एक फसगत होते. टोरंटोच्या जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास स्थलांतरित मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की खेळताना, भांडताना लागणारी भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. पुस्तकातली भाषा वयाच्या इतर मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षी मुलगा अंगणात 'ए, माझा डाव आहे' म्हणून कडाकडा भांडत असतो आणि त्याच आठवड्यात इतिहासाच्या पेपरात 'स्वराज्यस्थापनेची कारणे लिहा' यापुढे कोरं पान ठेवतो. घरचे म्हणतात, आळशी आहे. तो आळशी नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. हा कायदा मला योग्य वाटतो, पण परत आलेल्या मुलाला त्या पाच-सात वर्षांची मुदत मोकळ्या मनानं द्यायला हवी, हेही तितकंच खरं.

कातडीचं वेळापत्रक निराळं. शहापूरला मे महिन्याच्या शेवटी हवा अशी होते की घाम येतो पण वाळत नाही. शरीर उन्हाला सरावतं ते दहा-पंधरा दिवसांत: घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हा सराव थंड मुलखात काही आठवड्यांत उतरतो, परत आलं की पुन्हा चढतो. त्याच्या खाली आणखी एक जुना हिशेब आहे. जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांना आढळलं, की घामाच्या किती ग्रंथी कामाला लागणार हे आयुष्याच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतच ठरतं. उष्ण प्रदेशात वाढलेल्यांच्या अंगावर चालू ग्रंथी जास्त असतात. म्हणजे शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीत रांगलेला बाप आणि थंड देशात रांगलेला मुलगा एकाच पंख्याखाली बसले तरी त्यांच्या अंगाला एकच मे महिना लागत नाही. मुलगा 'फार गरम होतंय' म्हणतो तेव्हा तो लाडावलेला असतो असं नाही.

पोटाचं तर विचारूच नका. थायलंडमधून अमेरिकेतल्या मिनेसोटात गेलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांतच त्यांच्या पोटातले जिवाणू बदलू लागले होते. तंतुमय अन्न पचवायला मदत करणाऱ्या जाती घटल्या, वैविध्य कमी झालं, आणि दुसऱ्या पिढीत ते आणखी उतरलं. लहानपणी नाचणीची भाकरी आणि पावसाळ्यातली रानभाजी सहज पचवणारं पोट पंधरा वर्षांनी तेच पोट राहिलेलं नसतं. ताटात शेवळं किंवा टाकळा आला की जिभेला आनंदानं भरून येतं, आणि पोट रात्रभर कुरकुरतं.

यातली एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. परदेशातून केवळ फिरायला येणारे लोक डॉक्टरांना विचारून लसी घेतात, गाळलेलं पाणी पितात, मच्छरदाणी लावतात. नातेवाइकांकडे येणारे हे करत नाहीत, कारण 'आपण इथलेच'. ब्रिटन-अमेरिकेत सापडणाऱ्या विषमज्वराच्या रुग्णांत दक्षिण आशियात आपल्या माणसांना भेटून आलेल्यांचा भरणा असतो, तो याच समजुतीपायी. हिवतापाविरुद्धची थोडीफार ताकदही वर्षानुवर्षं डास न चावल्यानं ओसरते. भाताच्या खाचरात चिखल तुडवायचा आनंद पोरांना जरूर घेऊ द्यावा, पण पायाला जखम असेल तर नको. लेप्टोस्पायरोसिसला जन्मगाव कळत नाही.

एक गोष्ट मात्र मागे राहत नाही, ती म्हणजे वास. पहिल्या पावसानंतर मातीतून उठणाऱ्या गंधात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. मातीतले सूक्ष्मजीव ते बनवतात आणि माणसाचं नाक ते एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग असले तरी ओळखतं. स्वीडनमध्ये वृद्ध माणसांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी विचारल्या. शब्दांनी आणि चित्रांनी बहुतेक विशीच्या आसपासच्या आठवणी जाग्या केल्या. वासांनी थेट वयाच्या पहिल्या दहा वर्षांत नेलं. बाप तिथल्या नोकरीत, तिथल्या घरात सुखी असतानाही जूनच्या सुरुवातीला बेचैन का व्हायचा, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे. आणि त्याच्या मुलाची पहिली नऊ वर्षं? ती बर्फाच्या, गालिच्यांच्या, मॅपलच्या ओल्या पानांच्या वासात गेली. शेतात जाळलेल्या राबाचा धूर त्याला फक्त डोळ्यांत जाणारा धूर आहे. बापाला जे मिळालं, तेच मुलाकडून गेलं. एकाच घरात, एकाच दिवशी. परतलेल्या घरांमधलं सर्वांत खोल दुःख मला हेच वाटतं, आणि त्यात कुणाचाही दोष नाही.

आता गावाकडे पाहू. व्हिएन्नाहून हिटलरच्या काळात निसटून न्यूयॉर्कला गेलेले समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये घरी परतणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला. युद्धावरून सैनिक परत येत होते, तो काळ. त्यांचा मुद्दा असा: गेलेला माणूस घराचं चित्र मनात गोठवून नेतो, आणि घरही गेलेल्या माणसाचं चित्र गोठवून ठेवतं. दोघंही मधल्या वर्षांत बदलतात. परक्याला ठाऊक असतं की आपल्याला इथलं काही माहीत नाही. परतलेल्याला वाटतं आपल्याला सगळं माहीत आहे, म्हणून तो जास्त ठेचाळतो. रामायणही चौदा वर्षांनंतरच्या आगमनापाशी संपत नाही. आपल्या पूर्वजांना त्यापुढचं अवघड कांड लिहावंसं वाटलं.

शहापूर-मुरबाड या पंधरा वर्षांत किती बदललं ते पाहा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. जिथे वरईची उतरती शेतं होती तिथे प्लॉटच्या पाट्या आणि फार्महाउसची कुंपणं आली. गावातली माणसं रोज आसनगावहून लोकल पकडून ठाण्या-मुंबईला कामाला जातात. 'गाव शांत असेल' म्हणून आलेल्यांना गावच धावतं दिसतं. काही गोष्टी मात्र तसूभरही बदललेल्या नाहीत. १८९२ पासून तानसा, पुढे वैतरणा, भातसा, असं या भागातलं पाणी मुंबईला जातं. एकटं भातसा मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवतं. आणि एप्रिल-मे आला की शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. परदेशातल्या नळाला सवकलेली सूनबाई हंडा घेऊन टँकरपाशी उभी राहते तेव्हा तिला विहिरीवरच्या गोष्टी सांगणाऱ्या सासूबाईंची तरुणपणची पाठदुखी पहिल्यांदा कळते.

आणि प्रत्येक ओटीवरचा पहिला प्रश्न: 'परत कधी जाणार?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण 'कायमचे आलो' हे उत्तर गावाला पटायला वर्ष-दोन वर्षं लागतात, कारण गावानं तोवर या माणसाला पाहुणा म्हणूनच ओळखलेलं असतं. कायद्यालाही अशीच अडचण आहे. बापाचं नाव सातबाऱ्यावर आहे. मुलगा जन्मानं परदेशी नागरिक, हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड. त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मिळू शकते. ज्या मातीत त्याला रुजायला सांगतात, तिच्याशी त्याचं नातं कागदावर फक्त बापामार्फत आहे.

हे सारं नवं नाही. कल्याणच्या जोशांची लेक आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जागा तिच्यासाठी ठरली. पती गोपाळरावांबरोबर ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईला उतरली ती क्षयानं खंगलेली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. वय पुरतं बावीसही नव्हतं. तिच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या गेल्या. पोकीप्सी इथे, तिला लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत. तीन वर्षांत दोन घरं झालेल्या मुलीचं काय करायचं, हे तिच्या माणसांनी असं ठरवलं.

दुसरं उदाहरण कमी सांगितलं जातं. कोकणातले, मुंबई-ठाण्यातले बेने इस्रायली, मराठी बोलणारे ज्यू. ठाण्यात त्यांचं प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभं आहे. इस्रायल स्थापन झाल्यावर यांतली अनेक कुटुंबं दोन हजार वर्षांचं स्वप्न समजून तिकडे गेली, म्हणजे त्यांच्या लेखी तेच घरी परतणं होतं. तिथे रेशन, वाळवंट, रंगावरून भेदभाव. बेरशेबाच्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं: आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून जास्त माणसांना विमानानं मुंबईला पोचवण्यात आलं. आणि मुंबईत पाऊल ठेवल्यावर काही काळातच त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा इस्रायलला जायची मागणी केली! अनेकांना हा चंचलपणा वाटला असेल. मला त्यात माणसाची फार खरी अवस्था दिसते. दोनदा घरी परतलेली माणसं होती ती, आणि दोन्ही वेळा घरानं त्यांना पाहुणं मानलं. या समाजानं पुढे इस्रायलमध्ये मराठी टिकवली, 'मायबोली' नावाचं नियतकालिकही चालवलं.

जपाननं या प्रश्नाकडे राष्ट्रीय पातळीवर पाहिलं. कंपन्यांनी परदेशी पाठवलेल्या नोकरदारांची मुलं परत आली की त्यांचं जपानी कच्चं, वागणं वेगळं. तिथे अशा मुलांना स्वतंत्र नाव आहे, त्यांच्यासाठी खास वर्ग आहेत, विद्यापीठांत राखीव जागा आहेत. आपल्याकडे असं काही उभं राहिलेलं नाही.

पण शहापूर-मुरबाडमध्ये परतण्याचा अनुभव असलेली माणसं भरपूर आहेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. दिवाळी झाली की इथली कातकरी आणि ठाकूर कुटुंबं उचल घेऊन भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. झोपडीचं छप्पर गळत असतं, घरात दाणा नसतो, मुलांची शाळा निम्मी बुडालेली असते. हे दरवर्षी. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' सुरू केल्या, भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला म्हणतात तो भोंगा. या मुलांना तुटलेला धागा पुन्हा पकडायची सवय असते. आणि त्यांच्या आयांना ठाऊक असतं, की परतल्यावर पहिले पंधरा दिवस पोरांना रागवायचं नसतं.

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा सांगतो, की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि ज्याची शाळा राहून गेली त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं शिकवणं द्यायचं आहे. हे कलम भट्टीवरच्या मुलांसारख्या, शाळा सुटलेल्या मुलांसाठी आहे. पण जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा त्याच पटावर परदेशातून आलेलं एखादं पोरही असतं. मी शिक्षक असतो तर संध्याकाळच्या जादा तासाला दोघांना एकत्र बसवलं असतं. भट्टीवरून आलेल्या मुलीचं वाचन मागे आहे, पण तिच्या तोंडी इथली भाषा पूर्ण आहे, आणि रानातली करटोली कुठल्या झुडपावर असतात हे तिला माहीत आहे. मुलगा इंग्रजी वाचतो, पण त्याला बोलायला कुणी हवं आहे, जे हसणार नाही. धडा कुठलाही चालेल. तालुक्यातल्या गावांच्या नावांची यादी घेतली तरी पहिला महिना सहज जाईल.